दार ओढताना

विधान : मी रोज संध्याकाळी कोल्ड स्टोरेजचं दार लावतो.
प्रतीती : आहे.

एवढं यंत्राला विचारायची गरज नव्हती. तासगावच्या रस्त्यावरच्या आपल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं दार भूपाल चौगुले गेली कित्येक वर्षं स्वतःच्या हातानं लावत आले होते. पण डॉ. उत्तरा गुळवणी सुरुवात नेहमी अशाच विधानानं करायची. माणसाला खोल पाण्यात न्यायचं तर आधी काठावर पाय भिजवू द्यावेत.

काचेपलीकडच्या खोलीत भूपाल खुर्चीत बसले होते. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या. या भागातले बहुतेक आरोपी काढत. डोक्यावर ते राखाडी शिरस्त्राण चढलं की कुणीकुणी हातही जोडत. त्यांना बोलायचं काहीच नसे. यंत्र त्यांच्याच आवाजाची नक्कल करून एकेक विधान त्यांच्या कानात सांगे आणि मेंदू काय करतो ते पाही.

विधान : त्या दुपारी माझा धाकटा भाऊ रावसाहेब मला भेटायला आला.
प्रतीती : आहे.

विधान : मी त्याला म्हणालो, मला तुझं तोंड बघायचं नाही.
प्रतीती : आहे.

विधान : मी रावसाहेबला आत जाताना पाहिलं.
प्रतीती : नाही.

हे उत्तर भूपालच्या बाजूचं होतं. पण पुढचं विधान अजून बाकी होतं. ते तिनं स्वतः रचलं होतं आणि सगळा खटला त्या एका वाक्यावर उभा होता.

रावसाहेब प्यालेला होता. एप्रिलचं ऊन सोसेना म्हणून गारव्याला आत शिरला आणि खोक्यांच्या थप्पीमागे झोपला. संध्याकाळी भूपालनी दार ओढलं. आतून उघडायचा दांडा गंजून अडकलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तेव्हा रावसाहेब उंबऱ्याशीच सापडला, गुडघे पोटाशी घेतलेला, नखं तुटलेली. तो आत आहे हे भूपालना ठाऊक नसेल, तर अपघात. दार ओढताना त्याची हाक ऐकू आली असेल आणि तरीही त्यांनी दार ओढलं असेल, तर खून.

विधान : दार ओढताना आतून हाक आली.

पडद्यावर मेंदूचा आराखडा क्षणभर अंधारा राहिला. मग कानाचा भाग, तळहाताचा भाग, गारठा ओळखणारा भाग, सगळे एकदम उजळले. दिवाळीत गल्लीतल्या माळा एका बटणानं लागाव्यात तसे.

प्रतीती : आहे.

*

यंत्र बनवलं होतं डॉ. यशवंत दिघे यांनी. उत्तराचे सर. त्याचं तत्त्व ते वर्गात ठेच्यावर समजावून सांगत.

"एकानं ठेचा खाल्लाय, दुसऱ्यानं ठेच्याबद्दल नुसतं वाचलंय. दोघांना 'मी ठेचा खाल्ला' हे वाक्य ऐकवा. दुसऱ्याच्या मेंदूत फक्त भाषेचा कोपरा जागा होईल. पहिल्याची जीभ जागी होईल, नाक जागं होईल, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या नसा जाग्या होतील. अंगावरून गेलेली गोष्ट शरीर विसरत नाही. आणि हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत. खोटं बोलायचं की खरं, हे ठरवायला माणसाला त्याहून जास्त वेळ लागतो."

मेंदूतल्या सूक्ष्म चुंबकीय हालचाली टिपणारी शिरस्त्राणं आधीपासून होती. सरांनी त्यांना कायद्याच्या कामाला लावलं. ऐकलेलं एकीकडे, अनुभवलेलं दुसरीकडे. अनुभवलेलं ते 'प्रतीती'. आरोपीची लेखी संमती असेल तर अहवाल पुरावा म्हणून धरायचा, असा कायदाही झाला.

उत्तरा या विषयात आली तेव्हा गुन्हेगारांशी बोलावं लागे. पीएचडीसाठी ती तीन वर्षं तुरुंगात जाऊन बसत होती. सुरीनं बायकोला मारलेला माणूस तिला पहिले चार महिने फक्त त्याच्या म्हशीबद्दल सांगत होता. पाचव्या महिन्यात बायकोचं नाव निघालं. यंत्र आल्यावर म्हशीचे चार महिने वाचले. सगळ्यांनाच ते बरं वाटलं. तिलाही.

एक वाक्य सर वर्गात शेवटी, पुस्तकं मिटता मिटता म्हणायचे. "एक ध्यानात ठेवा, स्मृतीला तारीख नसते." मुलं ते वहीत लिहून घेत. परीक्षेत कधी यायचं नाही.

*

निकाल आरोपीला स्वतः वाचून दाखवायचा, असा नियम होता.

भूपालनी तो मान खाली घालून ऐकला. संमतीच्या दिवशीही ते असेच बसले होते. तेव्हा उत्तरानं विचारलं होतं, "वकील नको म्हणत असताना तुम्ही का तयार झालात?"

"मला आठवत न्हाई म्हणून, मॅडम. कंप्रेसरची घरघर हुती. डोक्यात राग हुता. रोजचं दार, रोजचा हात. ऐकलं असंल, न्हाई बी ऐकलं. माझ्याच भावाचं असं झालं आन् मलाच ठावं न्हाई, ह्ये कसलं जगणं? तुमचं यंत्र सांगंल म्हणत्यात."

आता यंत्रानं सांगितलं होतं.

"आलती तर," ते म्हणाले. "आलती. म्हणजे मीच." त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते उत्तराला बघवेना. दुखणं कसलं ते कळलेल्या पेशंटसारखी ती सुटका होती.

बाहेर व्हरांड्यात त्यांची मुलगी सुप्रभा बाकावर बसली होती. तिचा उजवा पाय ताठ, पुढे पसरलेला. पाच वर्षांपूर्वी काकाच्या जीपमधून येताना जीप नाल्यात गेली. गाडी चालवणारा रावसाहेब प्यालेला होता. त्याला खरचटलंही नाही. पुतणीचा गुडघा कायमचा गेला. सुप्रभानं त्याला केव्हाच माफ केलं होतं. तिच्या बापानं केलं नव्हतं. सरकारी वकिलांच्या दृष्टीनं हेतू तयारच होता.

"काय आलं?"

"अहवाल कोर्टात जाईल."

सुप्रभानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. काठी घेतली आणि उठली. बापाला भेटायची परवानगी तिच्या हातात होती. तो कागद तिनं घडी करून बाकावर ठेवला आणि निघून गेली.

*

विधान : मी आता खरं तेच सांगत आहे.
प्रतीती : (हे विधान यंत्राला विचारता येत नाही.)

भूपालनी दंडाधिकाऱ्यांसमोर कबुलीजबाब दिला. सोमवारी सत्र न्यायालयात ते गुन्हा कबूल करणार होते. जन्मठेप नक्की होती.

शुक्रवारी सुप्रभा उत्तराच्या केबिनमध्ये आली. बसायला सांगितलं तरी बसली नाही. कबुलीजबाबाची प्रत टेबलावर टाकली.

"हे वाचा. इथं, खालचं."

उत्तरानं वाचलं. 'मी दार ओढत असताना आतून आवाज आला, दादा, दार उघड. मी तरीही दार ओढले.'

"मग?"

"मग काय मग? काका आप्पांना दादा म्हणायचे नाहीत. जन्मात नाही म्हटलं. आमच्यात थोरल्या भावाला आण्णा म्हणतात. आज्जी, माझी आई, शेजारपाजार, कुणालाही विचारा. मारामारीत सुद्धा 'आण्णा, तुला बघून घेतो' म्हणायचे." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "तुमचं यंत्र हुशार असेल हो मॅडम. आमच्या घरात राहिलेलं नाही."

"घाबरल्यावर माणूस काहीही—"

"मरताना माणूस नवीन नातं शोधत बसतो? तुम्ही हेच शिकलाय ना? मन, माणसाचं?"

उत्तरानं पडद्यावर चाचणीच्या दिवसाचा आलेख पुन्हा उघडला. कान, हात, गारठा. हाक खरी होती. ऐकीव नव्हती, कल्पनेतली नव्हती. या माणसानं थंड दांड्यावर हात असताना आतून हाक ऐकली होती, यात शंकाच नव्हती.

पण दादा म्हणून हाक मारणारा कोण?

*

उत्तर मिळालं ते कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर. तेही आयतं.

पंचनाम्याची प्रत मागायला उत्तरा शनिवारी तपास अधिकारी महाडिक यांच्याकडे गेली होती. प्रत मिळाली. आरोपीला घटनास्थळी नेऊन प्रसंग करून घेतल्याची नोंद कुठेच नव्हती. असती तर चाचणीच घेता आली नसती. आधी चाचणी, मग घटनास्थळ, हा नियम दिघेसरांनीच घालून दिला होता. ती टपरीपाशी थांबली. शेजारी हवालदार खोत चहा फुंकत उभे होते. याच खटल्याच्या तपासातले, रत्नागिरीकडून बदली होऊन आलेले, बोलके.

खोत खोकले. पुन्हा खोकले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"औषध घ्या हो काहीतरी," उत्तरा म्हणाली.

"औषधानं जायचं नाही ते, मॅडम. तुमच्या बेदाण्याची देणगी आहे. त्या चौगुल्याच्या गोदामात उभा केला ना मला साहेबांनी. चार डिग्री! तेव्हापासून छाती धरलीय ती धरलीय."

"गोदामात? कधी?"

"अटक झाली त्याच दिवशी. साहेब म्हणाले, बघू तरी, दाराजवळ आवाज येतो का नाही. मी आधीच आत जाऊन बसलो. मग त्याला आणला, दार ओढायला लावलं. मी आतनं बोंब मारायची." खोत हसले. "दोनदा घेतलं. पहिल्यांदा मी हळू ओरडलो म्हणे. साहेबांना म्हटलं, अहो, मयताची नक्कल करायला भत्ता मिळतो का?"

उत्तरानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"काय ओरडलात तुम्ही?"

"काय म्हणजे? 'दादा, दार उघड.' भाऊच ना तो त्याचा?" मग बाईंचा चेहरा त्यांच्या लक्षात आला. "मॅडम, हे रेकॉर्डवर नाही हां. सगळीकडे असंच करतात. चेहऱ्यावरून माणूस कळतो, साहेब म्हणतात."

भूपालना अटकेच्या दिवसाबद्दल उत्तरानं कधी विचारलंच नव्हतं. पूर्वी विचारलं असतं. त्यांच्याशी ती चार दिवस बोलत बसली असती, तर पोलिसांनी दार दोनदा ओढायला लावलं हे बोलण्याच्या ओघात आलं असतं. आणि भाऊ मेल्यावर तिसऱ्या दिवशी, झोप नाही, अन्न नाही, अशा अवस्थेत त्याच दारावर हात ठेवून आतून हाक ऐकलेल्या माणसाच्या डोक्यात तो दिवस आणि भाऊ आत अडकला ती संध्याकाळ कसे एकमेकांत मिसळतील, हे तिला पुस्तकात बघावं लागलं नसतं.

*

दिघेसरांच्या घरी बेल वाजवायची तिला कधी सवय नव्हती. त्या दिवशी तिनं वाजवली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. गॅलरीतल्या कुंडीतली पिवळी पानं खुडत होते, ती खुडत राहिले.

"खोत कोर्टात हे बोलेल?"

"नाही बोलणार."

"मग तुझ्याकडे काय आहे? टपरीवरची गप."

"सर, यंत्रानं खोतांचा आवाज पकडलाय. रावसाहेबचा नाही."

"असं तुला वाटतं. दोन्ही हाका खऱ्या असू शकतात. रावसाहेबानं मारली असेल, आणि नंतर खोतनंही मारली असेल. तुझ्या शंकेनं तो निर्दोष ठरत नाही."

"दोषीही ठरत नाही."

सरांनी पानं मुठीत चुरगळली. "उत्तरा, या शंकेचं टोक कुठं जातं ते बघितलंस? पोलीस सगळीकडे असंच करतात, असं खोत म्हणाला ना? मग आजवरचा प्रत्येक अहवाल बाद. ज्यांनी खरंच केलं तेही सुटतील. यंत्र येण्याआधी काय चालायचं तुला माहीत आहे. तळपायावर पट्टे मारून कबुल्या घ्यायचे. मी ते थांबवलं."

"तुम्हीच शिकवलंत, स्मृतीला तारीख नसते."

"हो, शिकवलं." ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "सोमवारी सरकारी पक्षातर्फे तज्ज्ञ म्हणून मी येणार आहे. तू आपल्याच अहवालाविरुद्ध उभी राहणार असशील तर मला विरोध करावा लागेल. चहा घेणार?"

ती चहा न घेता निघाली. चपला घालताना लक्षात आलं, आज तिनं त्या दाराबाहेर काढल्या होत्या. एरवी ती आत नेऊन ठेवायची.

*

उत्तरानं रविवारी बचावाच्या वकिलांना सगळं सांगितलं, आणि 'दादा'चा मुद्दा मांडून त्यांनी कबुली नोंदवण्याआधी खोतांना साक्षीला बोलवायला लावलं. सत्र न्यायालयात बोललेलं सगळं आता आपोआप टंकलं जातं. सोमवारच्या नोंदीतला हा भाग.

बचावाचे वकील : हवालदार खोत, अटकेच्या दिवशी तुम्ही कोल्ड स्टोरेजमध्ये आत उभे होतात?
खोत : नाही, साहेब. मी बाहेर बंदोबस्तावर.
वकील : आतून तुम्ही हाक मारली नाही?
खोत : मी कशाला मारू?
(साक्षीदार खोकतो.)
वकील : खोकला कधीपासून?
सरकारी वकील श्रीमती देवस्थळी : हरकत आहे. हे कोर्ट आहे, दवाखाना नाही.
(हशा.)
न्यायाधीश मुजावर : शांतता. खोत, मीच एक विचारतो. तुम्ही मूळचे कुठले?
खोत : लांज्याचे, साहेब.
न्यायाधीश : घरी थोरले भाऊ आहेत?
खोत : आहेत, साहेब.
न्यायाधीश : त्यांना काय म्हणता?
खोत : दादा, साहेब.
न्यायाधीश : तिथूनच जरा म्हणा. 'दादा, दार उघड.' मोठ्यानं.
श्रीमती देवस्थळी : माझी तीव्र हरकत—
न्यायाधीश : नोंदवली. म्हणा, खोत.
खोत : दादा, दार उघड.

नोंद इथे संपते, कारण पुढे जे झालं ते बोलणं नव्हतं.

आरोपीच्या पिंजऱ्यात भूपाल भिंतीकडे बघत उभे होते. हाक आली तशी त्यांची मान गर्रकन फिरली. उजवा हात वर गेला, हवेतच मूठ वळली, आणि कोपर मागे आलं. एक जड दार त्यांनी भर कोर्टात सगळ्यांसमोर ओढून घेतलं. मग स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

"ह्योच," ते म्हणाले. "ह्योच आवाज."

खोतांनी टोपी काढली. "साहेब, चुकलं," ते पुटपुटले, पण ते कुणासाठी होतं कळलं नाही. महाडिक दाराकडे सरकत होते. न्यायाधीशांनी त्यांना नुसत्या नजरेनं बसवलं.

देवस्थळी बाई मात्र हरणाऱ्या नव्हत्या. "ठीक आहे, ही हाक पोलिसांची होती असं घटकाभर धरू. पण म्हणून दुसरी हाक नव्हतीच असं होत नाही. यंत्र इथं आणलेलं आहे, डॉ. दिघे हजर आहेत. आरोपीला आत्ता विचारा : दार ओढताना आतून 'आण्णा' अशी हाक आली. हो किंवा नाही. लपवायचं काही नसेल तर भीती कशाची?"

"इचारा," भूपाल म्हणाले. वकील मागे वळून त्यांना गप्प करू लागले, पण ते कठड्याला धरून पुढे झुकले होते. "इचारा, साहेब. मला कळू दे."

उत्तरा उठून उभी राहिली. आपण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात नाही, हे ती विसरली. "विचारू नका. उत्तर 'आहे' असंच येईल. पन्नास वर्षं भावानं दाराआडून आण्णा म्हणून हाका मारल्यात यांना. न्हाणीघराच्या, खोलीच्या, याच गोदामाच्या. त्यातली कुठली हाक यंत्राला सापडली ते कुणालाच सांगता येणार नाही."

"मॅडम अचानक स्वतःच्याच यंत्राला घाबरायला लागल्या," देवस्थळी म्हणाल्या.

न्यायाधीशांनी उत्तराला बसायची खूण केली आणि दिघेसरांकडे वळले. "डॉक्टर, यंत्र तुमचं. उत्तर 'आहे' असं आलं, तर ती हाक त्या संध्याकाळचीच, असं तुम्ही शपथेवर सांगू शकाल?"

सर यंत्राजवळ उभे होते. एक हात शिरस्त्राणावर होता, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. त्यांनी उत्तराकडे पाहिलं. ती नजर तिनं आधी एकदाच पाहिली होती, तिच्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, जेव्हा तिनं त्यांचीच एक चूक काढली होती. तेव्हा त्या नजरेत कौतुक होतं. आता काय होतं ते तिला वाचता आलं नाही.

पंखा फिरत होता. कुणीतरी कागद उलटला.

"नाही," सर म्हणाले.

एवढंच. मग त्यांनी शिरस्त्राणाची वायर काढली, गुंडाळली, पेटीत ठेवली. पेटीला दोन खटके होते. दोन्ही लावल्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत आला.

*

विधान : मी माझ्या सरांना गमावलं.
प्रतीती : (यंत्र सीलबंद आहे.)

भूपाल सुटले. उच्च न्यायालयानं 'प्रतीती'वर स्थगिती आणली आणि जुने खटले एकेक करून उघडू लागले. त्यातले काही सुटायला नको होते. एक तर सुटल्यावर महिन्याभरात पुन्हा आत गेला. उत्तराला दोन्ही बाजूंनी शिव्या बसल्या. सरांनी तिचा फोन उचलला नाही. तिनं करायचं थांबवलं नाही.

ती पुन्हा तुरुंगात जाऊन बसू लागली. समोरचा माणूस म्हशीबद्दल बोलतो, ती ऐकते.

*

विधान : दार ओढताना आतून हाक आली.

नव्या हंगामाचा बेदाणा आत गेला तेव्हा सुप्रभानं तिला बोलावलं. "आप्पांना तुम्हाला काहीतरी विचारायचंय. मी सांगून दमले."

संध्याकाळ होत आली होती. कोल्ड स्टोरेजच्या ओट्यावर भूपाल उभे होते, अंगात स्वेटर. आतून ते खोक्यांच्या प्रत्येक थप्पीमागे डोकावून आले होते. आतला दांडा नवा होता, तेलानं चकाकत होता.

"मॅडम, त्यो आवाज पोलिसाचा, ह्ये पटलं," ते म्हणाले. "पर त्याच्या आधी, त्या सांजंला? रावशाची हाक आलती का न्हाई? तुम्ही एवढं शिकलाय. तुम्हाला काय वाटतं?"

उत्तराला वाटलं, काहीतरी बरं सांगावं. या माणसाला झोप लागेल असं. तिला ते येत होतं; त्याचीच पदवी होती तिच्याकडे.

"मला माहीत नाही, आप्पा," ती म्हणाली. "आणि आता कुणालाच कळणार नाही."

भूपालनी मान हलवली. रागावले नाहीत. "रावशा असता तर खरं सांगितलं असतं. खोटं बोलायला त्याला कधी जमलं न्हाई. दारू प्यालास का म्हटलं की, हो आण्णा, प्यालो." ते किंचित हसले.

"आप्पा, चला. उशीर होतोय," सुप्रभानं भिंतीवरचा खटका खाली केला. कंप्रेसरची घरघर उसासा टाकल्यासारखी थांबली. उत्तरानं तिच्याकडे पाहिलं.

"रोज करते," सुप्रभा म्हणाली. "दार लावायच्या आधी जरा वेळ. ऐकू यायला नको का?"

भूपालनी दांडा धरला. दार अर्ध्यावर आणलं आणि थांबले. फटीतून गार हवा आणि बेदाण्याचा आंबटगोड वास बाहेर येत होता.

"कोण हाय का आत?"

तिघंही ऐकत उभी राहिली. लांब रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो पुरता जाईपर्यंत भूपाल थांबले, पुन्हा कान दिला.

"आज न्हाई," ते म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.